फांगसाहेबांचे कान

मुनीर दुबईच्या करामा भागात, एका तळमजल्यावरच्या स्टुडिओत साउंड रेकॉर्डिस्ट होता. रत्नागिरीहून आला तेव्हा नुसत्या वायरी गुंडाळायचा. पुढे त्याचा कान तयार झाला आणि मालकाने त्याला मिक्सरवर बसवलं. सत्त्याण्णव साली तिथे फांगसाहेब आले.

फांगसाहेब चिनी सिनेमाचे संगीतकार, वय अडुसष्ट. शांघायला त्यांनी एकतीस चित्रपटांना संगीत दिलं होतं. मधली आठ वर्षं मात्र दूरच्या खेड्यात डुकरं राखण्यात गेली, कारण त्यांचं संगीत सरकारातल्या वरच्यांना खपेना. तिथे वाद्य नव्हतं, कागद नव्हता. ते डोक्यातच चाली रचायचे आणि डोक्यातच ऐकायचे. परतल्यावर त्याच चालींवर त्यांचे सगळ्यात गाजलेले सिनेमे झाले. पुढे सिंथेसायझर आले, बोलावणी थांबली, बायको वारली, आणि मुलीने, लिनने, त्यांना दुबईला आणलं. ती इथे पियानो शिकवायची. तिच्या एका विद्यार्थ्याचे वडील मोती काढणाऱ्या पाणबुड्यांवर सिनेमा काढत होते. त्यांनी संगीत फांगसाहेबांकडे सोपवलं.

हे सगळं त्यांनी मुनीरला जेवणाच्या सुट्टीत, मोडक्या इंग्रजीत सांगितलं. एरवी ते कोणाशी बोलत नसत. पण मुनीरने एकदा सेलोची किंचित उतरलेली तार त्यांच्याआधी पकडली, तेव्हापासून प्रत्येक टेकनंतर ते काचेपलीकडून त्याच्याकडेच बघायचे. त्याने मान हलवली की पुढे.

मालकाला हे काम आपल्या मेहुण्याला द्यायचं होतं, कीबोर्डवर. निर्माता ऐकायला येणार त्याच्या आदल्या दिवशी मालकाने मुनीरला केबिनमध्ये बोलावलं. मुनीरची बायको शहनाझ आणि मुलगी गावी होत्या; त्यांच्या व्हिसाची फाइल टेबलावर उघडी होती. चार वर्षं मुनीर तिच्यावर मालकाची सही होण्याची वाट बघत होता.

"उद्या निर्माता तुलाच विचारेल," मालक म्हणाला. "म्हातारा बेसूर वाजवतो, एवढंच सांगायचं. खलास."

दुसऱ्या दिवशी फांगसाहेबांनी स्वतः अरहू वाजवलं. सारंगीच्या जातीचं, दोन तारांचं वाद्य. पाणबुड्याची बायको किनाऱ्यावर उभी आहे, त्या दृश्याचं संगीत होतं. मुनीरच्या अंगावर काटा आला. निर्मात्याने कसं वाटलं विचारलं, तेव्हा तो मिक्सरकडे बघत म्हणाला, "वरचे सूर थोडे चढतायत, सर."

फांगसाहेबांनी पुन्हा वाजवलं आणि मुनीरकडे बघितलं. मुनीरने मान हलवली नाही. असं पाच वेळा झालं. पाचव्यांदा त्यांनी हात कानाशी नेला, तसाच खाली घेतला आणि अरहू पेटीत ठेवलं. वाद घातला नाही. जाताना मुनीरचा हात हातात घेऊन एवढंच म्हणाले, "यू आर ऑनेस्ट. थँक यू."

सिनेमाला मेहुण्याचं संगीत लागलं. महिन्याभरात शहनाझ आणि मुलगी दुबईला आल्या. एअरपोर्टवर मुलगी गळ्यात पडली, तेव्हासुद्धा मुनीरला तो हात आठवला.

दोन हजार एक साली लिन विद्यार्थ्यांच्या रेकॉर्डिंगसाठी स्टुडिओत आली. मुनीरने भीत भीत साहेबांची चौकशी केली. त्या दिवसापासून त्यांनी वाद्याला हात लावला नाही, ती म्हणाली. रेडिओसुद्धा लावू देत नाहीत. कान गेले असं त्यांच्या मनाने घेतलंय. डॉक्टर म्हणतात कान ठणठणीत आहेत; ते म्हणतात, डॉक्टरला काय कळतं, मुनीरला कळतं.

घरी येऊन त्याने पहिल्यांदाच शहनाझला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या व्हिसासाठी केलं, असं त्यांना सांगू नका. तुम्ही केलंत, एवढंच सांगा."

शुक्रवारी तो त्यांच्या फ्लॅटवर गेला. फांगसाहेब खुश झाले, चहा ठेवायला उठले. मुनीरने उभ्या उभ्याच सांगून टाकलं: एकही सूर चढला नव्हता. फांगसाहेबांना आधी समजलंच नाही. कुठला सूर, म्हणून त्यांनी दोनदा विचारलं. मग ते खुर्चीत बसले.

"आठ वर्षांत त्यांनी माझं सगळं काढून घेतलं," ते सावकाश म्हणाले. "कान त्यांना घेता आले नाहीत. ते मी आपणहून तुला दिले."

मुनीरने माफी मागितली. त्यांनी हाताने दार दाखवलं.

चार महिन्यांनी लिनचा फोन आला. बाबा पुन्हा संगीत लिहायला लागलेत, रेकॉर्डिंग दुसऱ्या स्टुडिओत ठेवलंय. मग ती जराशी अडखळली. मुनीरने येऊ नये, असं त्यांचं म्हणणं आहे. मुनीर म्हणाला, बरोबर आहे त्यांचं.

शहनाझला बातमी सांगितली तेव्हा तिला फार बरं वाटलं. बरं त्यालाही वाटलं होतं. तरी तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. मुलीने आतून दोनदा हाक मारली, पण तिला तोंड दाखवायला त्याला थोडा वेळ लागला.