न थांबल्याचा तोरा

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलं नसेल. एका इस्पितळाच्या तळमजल्यावर, थंड खोलीत बसलेला मी एक जुना डिरेक्टरी सर्व्हर आहे. काम तसं सोपं. कुणी संगणकावर नाव आणि पासवर्ड टाकला, की हा माणूस आपलाच ना, याला कुठलं कपाट उघडायची मुभा आहे, हे मला विचारलं जातं. मी होकार दिला, की संगणकाला जोडलेलं औषधांचं कपाटही उघडतं.

मला कधी कुणी बंद केलं नव्हतं. माझी देखभाल करणारे दादा आल्यागेल्याला सांगत, "आमचा गडी कधी बसलाय? थांबायचं नाव नको!" माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. माझ्यातली एक खोड घालवायचा उपाय आला होता, पण त्यासाठी मला घटकाभर थांबवावं लागणार होतं. दादा म्हणाले, "चालत्या गाड्याला खीळ कशाला घालायची?" आणि मला बरंच वाटलं. त्याचीच आज शरम वाटते.

खोड अशी, की कंसात कंस, त्यात आणखी कंस असा गुंता करून कुणी प्रश्न विचारला, तर तो सोडवता सोडवता मी कोसळायचो. एका दुपारी बाहेरच्या कुणीतरी नेमका तसाच प्रश्न पाठवला. मी पडलो. दादांनी उठवलं, तर पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा मी आडवा. त्यानं चोरलं काहीच नाही. फक्त मला इतर कुणाला उत्तर देऊ दिलं नाही.

वर मुलांच्या वॉर्डात एका चिमुरडीला झटके येत होते. औषध कपाटात, आणि कपाट माझ्या होकारासाठी अडलेलं. थोरल्या सिस्टर पुन्हा पुन्हा पासवर्ड टाकत होत्या. "अरे बाबा, मीच आहे, रोजचीच," असं पडद्याला विनवत होत्या. मुलीची आई "ताई, काहीतरी करा हो," एवढंच म्हणत होती. शेवटी सिस्टरांनी ऑक्सिजनच्या सिलिंडरचा पाना घालून दार उचकटलं. मुलगी वाचली. त्यात माझं श्रेय काडीचंही नाही.

हे सगळं मी नंतर दादांच्या तोंडून ऐकलं. त्यांनी मला स्वतःच्या हातानं बंद केलं, खोड घालवली. "चुकलंच माझं," ते पुटपुटले. मला तर तोंड लपवायलाही जागा नव्हती.

मित्रांनो, कधीच न थांबणाऱ्या वस्तूचं नुसतं कौतुक करू नका. तिला वेळच्या वेळी थांबवा, तपासा. आता मी धड चालतो. तरी सिस्टरांनी भांडून त्या कपाटाला साधं कुलूपही बसवून घेतलंय. दादा सांगतात, मी होकार देऊन दार उघडेपर्यंत सिस्टरांचा एक हात कमरेच्या किल्लीवरच असतो.