काचेआडचं ऊन

मित्रांनो, मी एक जुनी तीनचाकी सायकल आहे. रंग पार विटलाय, हँडलला घंटीसुद्धा नाही. ती कुठे गेली ते सांगतेच, पण आधी माझं गाऱ्हाणं ऐका.

कारखान्यात मला लालभडक रंग चढला, तेव्हा वाटलं, आता रस्ते बघायचे. कसलं काय! चौथ्या मजल्यावरच्या घरात आले आणि काचा लावून बंद केलेल्या गॅलरीत अडकले. जरा पेडल मारलं की चाक भिंतीला. माझ्याबरोबर अडकली होती घरातली चिमी, तीन वर्षांचीही नव्हती. "खाली धूळ, गाड्या. इथं काय कमी आहे?" तिची आई म्हणायची. बिचारी लेकीला फुलासारखी जपायची.

चिमी चालायलाच उशिरा लागली होती. माझ्यावर बसली की तिचे गुडघे बाहेर फाकायचे, पावलं पेडलवरून घसरायची. लगेच उतरून म्हणायची, "पाय दुखतात." मला सगळं कळत होतं, पण सायकलीला तोंड कुठलं? नुसता जीव कोंडायचा.

"सायकलच वाकडी आहे," बाबा म्हणाले. पान्यानं माझं हँडल पिळलं, सीट वरखाली केली. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथं अंगणही नव्हतं, म्हणून सगळं माझ्या माथी.

एकदा आत्या राहायला आली. चिमीला चालताना तिनं बराच वेळ पाहिलं. "वहिनी, सायकल सोडा. पाय बघा हिचे, धनुष्यासारखे वाकलेत. डॉक्टरांना दाखवू या."

चिमी मला सोडेना, म्हणून मीही दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी तिची मनगटं चाचपली, पाय पाहिले. "उन्हात खेळते का?"

"रोज. आमच्या गॅलरीत भरपूर ऊन येतं," आईनं माझ्याकडे बोट दाखवलं. "ही सायकल बघा ना, उन्हानंच विटलीय."

"काचेतून रंग विटतो हो. पण ज्या उन्हानं अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं, ते काच आत येऊ देत नाही. ते कमी पडलं की हाडं मऊ राहतात. रक्त तपासू, एक्स-रे काढू."

तपासणीत तेच निघालं. आई खाली मान घालून म्हणाली, "मी तर तिला जपत होते." आत्यानं तिचा हात धरला.

"वेळेत आणलंत," बाई म्हणाल्या. "पाय सुधारतील, पण वेळ लागेल. औषध मी सांगेन तेवढंच द्या."

मग औषध सुरू झालं आणि आम्ही दोघी रोज खाली जाऊ लागलो. चिमीचे गुडघे हळूहळू आत आले. पाय दुखतात हे तिचं पालुपदही थांबलं.

मित्रांनो, घरातलं धाकटं भावंड चालायला उशीर करत असेल, पाय दुखतात म्हणत असेल, तर त्याला आळशी म्हणू नका. मोठ्यांना सांगा, डॉक्टरांना दाखवा. तुम्हाला तोंड आहे.

आता चिमी उंच झालीय, दुचाकी चालवते. मी पुन्हा गॅलरीत. कोंडल्यासारखं होतं, खोटं कशाला बोलू? पण काचा हल्ली उघड्या असतात. माझी घंटी तिनं नव्या सायकलीला लावलीय, आणि ती खालून, उन्हातून, वाजताना मला ऐकू येते.