न उकळलेली घासणी

मी घासणी बोलतेय. हो, भांडी घासायचीच. हिरवी, प्लास्टिकची. नाक मुरडून झालं असेल तर पुढे ऐका. मी आयुष्यात एकही भांडं घासलेलं नाही. मी माशांच्या तळ्याचं पाणी गाळते.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते. माझा स्वभाव जळका आहे. प्लास्टिकनं असं बोलू नये म्हणतात, पण खरं ते खरं.

कारखान्यात जाळीची एक लांबलचक नळी निघाली, तिचे तुकडे झाले, प्रत्येक तुकड्याची गुंडाळी झाली, त्यातली एक मी. बहिणींबरोबर दुकानात टांगली गेले तर समोर तारेच्या घासण्या. त्या कशा चकाकायच्या! गिऱ्हाईक आलं की आधी त्यांच्याकडे बघायचं. माझ्या जळण्याची सुरुवात तिथून झाली.

एक दिवस कॉलेजात जाणारी एक मुलगी आली आणि म्हणाली, "ही सगळी माळ द्या." घरात तिला सगळे ताई म्हणायचे. तिच्या पिशवीतून घरी जाताना मला वाटलं, केवढं मोठं स्वयंपाकघर असेल! पण तिनं आम्हाला नेऊन ठेवलं ते मागच्या दाराच्या पायरीवर.

समोर एक छोटं तळं होतं. ताईनं आणि तिच्या बाबांनी खणलेलं, तळाला काळं जाड प्लास्टिक अंथरलेलं. पाणी इतकं हिरवं, की केशरी मासे दिसायचे ते फक्त खायला वर आले की. फिल्टर घरीच करायचा असं ठरलं होतं. बाबांचा धंदा पंपांच्या जळलेल्या मोटारींचं वाइंडिंग करून देण्याचा, त्यामुळे पंप घरात होता. प्लास्टिकचं पिंपही होतं. प्रश्न एवढाच, की पिंपात भरायचं काय?

पायरीवर आमची मुलाखतच सुरू झाली. एका बाजूला उशीतून काढलेला जाड स्पंज, दुसऱ्या बाजूला टोपलीभर गोटे, मध्ये आम्ही.

"गोटेच भर," आत्या म्हणाली. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. जन्मभर इस्पितळात नर्स होती. ती रिटायर झाली, तिचे हात झाले नाहीत. चमचा खाली पडला तरी उकळायची. "दगड कधी कुजलाय का?"

"अक्का, स्पंज बघ की. घाण कशी पकडून ठेवेल," बाबा म्हणाले.

"दिसते ती घाण स्पंज पकडेल, बाबा," ताई म्हणाली. "पण मासे पाण्यातच सगळं करतात. त्याचं जे विष पाण्यात विरघळतं ते कोण काढणार? ते काढतात जिवाणू. त्यांना चिकटून बसायला जागा लागते. ही घासणी बघा, नुसत्या फटीच फटी! गोट्याला फक्त बाहेरचं अंग."

"म्हणजे मासे कमी पडले म्हणून तू आता जंतू पाळणार?"

"चांगले जंतू, आत्या."

"जन्म गेला माझा जंतू मारण्यात. एकही चांगला भेटला नाही."

बाबा हसले. "आणि या घासण्या आत जाऊन काय करणार? माशांची भांडी?"

घरातल्या मोठ्यांचं असंच असतं. त्यांना पटवायचं तर त्यांचं थोडं पदरात घ्यावं लागतं. शेवटी वर बाबांचा स्पंज बसला, तळाला आत्याचे गोटे आणि मध्ये माझ्या बहिणी. मला मात्र ताईनं वेगळं काढलं. पाणी पिंपातून बाहेर पडतं त्या पाइपच्या तोंडात तिनं मला कोंबलं. गोट्यांचा चुरा तळ्यात जाऊ नये म्हणून पहारा.

बहिणी एकमेकींच्या अंगावर रेलून गप्पा मारायच्या, मी एकटी पाइपात. खाली गोटे. त्यांचं सुरू झालं की थांबायचं नाही. "आमच्या वेळी नदी अशी होती, आमच्या वेळी पूर असे यायचे." मी एकदा ओरडलेच, "एवढं होतं तर तिथेच का नाही राहिलात?" त्यावर ते म्हणाले, "पोरी, आम्हीही तुझ्या वयाचे होतो." दगडाशी वाद घालून डोकं आपलंच फुटतं.

पण खरी आग होती ती स्पंजाची. दर रविवारी बाबा झाकण उघडायचे, त्याला दोन्ही हातांनी अलगद उचलायचे, बादलीत तळ्याचंच पाणी घेऊन त्यात पिळायचे. काळं पाणी निघालं की म्हणायचे, "वा रे पठ्ठ्या! काय घाण ओढलीय!" आणि तो फुगायचा. फुगणं हे त्याचं कामच, पण एवढं?

माझ्याकडे कुणी बघायचंही नाही. माझ्या अंगावर एक तपकिरी, बुळबुळीत थर चढत होता. आधी मला शिसारी आली. मग कळलं, तो थर जिवंत आहे. माझ्या प्रत्येक फटीत जिवाणूंचं बिऱ्हाड थाटलं होतं आणि ती मंडळी गाजावाजा न करता पाण्यातलं विष खात होती. तळं नितळ झालं. तळाचं काळं प्लास्टिक दिसू लागलं. शेजारची बाई बघायला आली तर बाबा म्हणाले, "स्पंजाची कमाल!"

त्या दिवशी मी जळून राख व्हायचीच बाकी होते.

तळ्यात एक मासळी होती, बसक्या तोंडाची. आत्या तिला नकटी म्हणायची. फिल्टरवर आत्याचा राग, पण नकटीवर भारी जीव. ती पाण्यात बोट बुडवायची, नकटी येऊन बोट चोखायची. "लबाड कुठली," आत्या म्हणायची, आणि मग जाऊन साबणानं तेवढं बोट धुवायची.

ताई परीक्षेसाठी परगावी गेली. एका सकाळी आत्यानं झाकण उघडलं आणि किंचाळली. "अरे देवा, काय ही बुरशी! आणि यातलं पाणी माझी नकटी पिते!"

बाबा म्हणाले, "अक्का, ताई येईपर्यंत हात नको लावूस."

"तू मोटारी बघ. स्वच्छता मला शिकवू नकोस."

बाबा मोटारींकडे वळले. मोठ्या बहिणीपुढे माघार घ्यायची त्यांना लहानपणापासून सवय.

आत्यानं सगळं बाहेर काढलं. स्पंज, बहिणी, अगदी गोटेसुद्धा. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळ उकळलं आणि त्यात एकेकाला घातलं. मग साबण, मग नळाचं पाणी, मग ऊन. बहिणी दोरीवर ओळीनं टांगल्या. हिरव्यागार! दुकानात होत्या त्याहूनही हिरव्या! आत्या दूर उभी राहून त्यांच्याकडे कौतुकानं बघत होती.

मी पाइपाच्या तोंडात होते. तिला दिसलेच नाही. मी तिथून ओरडत होते, "अहो, मी राहिले! मलाही घ्या!" त्या एका दिवसाइतका मत्सर मी कधी केला नव्हता. सगळ्यांची आंघोळ झाली आणि मी तेवढी बुळबुळीत.

सगळं परत भरलं गेलं. पाणी आरशासारखं दिसत होतं. पण मला ते वेगळं लागलं, कडवट, अंगाला झोंबणारं. मी बहिणींना म्हणाले, "तुम्हाला काही कळतंय का?" त्या नुसत्या चमकत राहिल्या. त्यांच्या फटी रिकाम्या होत्या.

थोड्याच दिवसांत मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागले. एक केशरी मासा आडवा होऊन तरंगला. नकटी कोपऱ्यात जाऊन बसली. आत्यानं बोट बुडवलं, ती हललीसुद्धा नाही.

ताई परत आली ती थेट तळ्यावर. खांद्यावरची पिशवी काढायच्या आधी तिनं झाकण उघडलं आणि तिचा चेहरा उतरला.

"कुणी केलं हे?"

"मी गं," आत्या म्हणाली. "चांगलंच करायला गेले."

"तुम्हाला मोठ्यांना विचारायला काय होतं? एक फोन! एक फोन करायचा होता! जे पाणी साफ करत होते त्यांनाच उकळलंस तू, आत्या!"

"आत्याशी जरा नीट..." बाबा म्हणाले.

"आणि तुम्ही? तुम्ही तर इथेच होता ना, बाबा?"

बाबा पंपाकडे बघू लागले. आत्या पायरीवर बसली. इतकी पातेली उकळणारी बाई, तिच्या हातांना त्या दिवशी काही कामच सुचेना.

ताईनं माशांचं खाणं बंद केलं. थोडं पाणी काढून, क्लोरीन उडून गेलेलं शिळं पाणी भरलं. मग पाइप उघडला आणि मी तिच्या हातात आले. तिनं मला नाकाशी धरलं.

"ही वाचलीय! वास बघा, ओल्या मातीचा."

आत्या उठली. मला वाटलं, आता पातेलं येणार. पण तिनं दोन्ही हात पुढे केले. मला घेतलं. पिळलं नाही, झटकलं नाही. इस्पितळात नवं बाळ हातात घेत असेल तसं धरलं. "एवढीशी ही," ती म्हणाली, "हिच्यानं होईल?"

"वेळ लागेल," ताई म्हणाली. "नकटीकडे तेवढा वेळ आहे का, ते माहीत नाही."

त्या घडीला मी अख्ख्या पिंपाची राणी होते. बहिणी, गोटे आणि तो फुगीर स्पंज, सगळे माझ्याकडे बघत होते. वाटलं, जळा आता. तुमची पाळी!

ते सुख संध्याकाळपर्यंत टिकलं. बाबा बाजारातून एक खोकं घेऊन आले. आत चिनी मातीच्या छोट्या नळ्या, पांढऱ्याशुभ्र, आतून-बाहेरून बारीक छिद्रांच्या. "खास फिल्टरसाठीच करतात," बाबा म्हणाले. चूक भरून काढायची त्यांची रीत. ताईचेही डोळे चमकले. "बाबा, या घासणीपेक्षा कितीतरी जास्त जिवाणू मावतील यात!"

माझ्यासमोर म्हणाली. तोंडावर.

तिनं नळ्या जाळीच्या पिशवीत भरल्या, मधोमध मला ठेवलं आणि पिशवी पिंपात सोडली. "हिच्या अंगावरचं यांना लागू दे. नळ्या तयार झाल्या, की हिची गरज नाही."

म्हणजे माझ्या जागी येणाऱ्यांना मीच वाढवायचं! मी ठरवलं, एक जिवाणू देणार नाही. अंग आवळून घ्यायला गेले. पण घासणीला आवळता येतं कुठे? मी नुसत्या फटींचीच तर आहे. जिवाणू निघाले, नळ्यांच्या छिद्रांत शिरले, तिथे बिऱ्हाडं थाटली. रोज थोडं पाणी बदलत होतं आणि रोज ते कमी झोंबत होतं.

आज सकाळी नकटी कोपऱ्यातून बाहेर आली. आत्यानं बोट बुडवलं आणि ती चोखू लागली. आत्या रडली, हसली, आणि म्हणाली, "नळ्या कामाला लागल्या गं!"

नळ्या!

चालू द्या. मला काढायचं असेल तेव्हा काढा. पण तेव्हा मला नळाखाली धरू नका, स्वच्छ करू नका. तळ्याकाठच्या ओल्या मातीत, आहे तशी ठेवा. आणि त्या पांढऱ्या नळ्यांना कधीतरी नाकाशी धरून बघा. तो वास माझा आहे.