दार मिटलेली नववळ

राजाभाऊंच्या व्हिलात हॉलच्या जमिनीवर चिकटवलेली ती सोनेरी नववळ पाहिली आणि सगुणा उंबऱ्यातच थबकली. नऊ वळसे बरोबर होते, छपाई झकास होती, पण नवव्या वळशाला दार नव्हतं.

नववळे पंथ कोकणातल्या सात वाड्यांचा. त्यांना ना मूर्ती, ना पोथी, असते ती नववळ. तांदळाच्या पिठाची एकच रेघ एका दमात, हात न उचलता नऊ वेळा वळवायची आणि शेवटी वीतभर जागा मोकळी सोडायची. घर सोडून निघणारा माणूस मधे उभा राहतो, त्याच्या आईचं आणि आजीचं नाव पुकारतात, आणि त्या मोकळ्या दारातून तो बाहेर पडतो. मग त्याची वाट मोकळी.

पण पंथात आणखी एक खूण आहे, तिचं नाव हळू आवाजात घेतात. मिटली वळ. तिच्यात उभा केलेला साक्षीदार मुका होतो, भटक्या नवऱ्याचे पाय उंबऱ्याला खिळतात. ही खूण काळीकुट्ट, उलटी, भलतीच काहीतरी असणार असं सगळ्यांना वाटतं. खरं ठाऊक असतं फक्त ती काढणारीला, म्हणजे बांधणारीला. खूण तीच असते, दार तेवढं मिटवायचं. बांधणारीकडे लोक मागच्या दाराने जातात आणि रस्त्यात भेटली तर तोंड फिरवतात. माणसांची जातच तशी मेली.

सगुणाची आई बायजा बांधणारी होती. अबुधाबीत हे कोणालाच माहीत नव्हतं. वीस वर्षं सगुणाने मोहम्मद बिन झायद सिटीतल्या घरांना जेवणाचे डबे पुरवले आणि पंथाच्या यादीत आईच्या जागी मावशीचं नाव लिहून दिलं.

आज वळेत उभी राहणार होती तिची सोनम. तिला अल ऐनला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. गाडीने दीड तासाचं अंतर, पण दोन्ही घराण्यांत शिकायला म्हणून बाहेर पडणारी ही पहिलीच पोरगी. गेला आठवडाभर सगुणाची मान इतकी ताठ होती की पातेल्यात डोकावणंही तिला कमीपणाचं वाटत होतं.

“राजाभाऊ, हिला दार नाही,” ती म्हणाली.

राजाभाऊ तेल कंपनीत मोठे इंजिनिअर, पंथाचे इथले प्रमुख. “अहो वहिनी, ती गॅप ऑड दिसायची. मीच प्रिंटिंगवाल्याला सांगितलं, सर्कल पूर्ण कर. गेल्या वर्षी मोजक्या घरी दिले ते स्टिकर पण असेच केलेत. एकदम प्रोफेशनल! यल्ला, चल सोनम, उभी राहा.”

“ही मिटली वळ आहे.”

“काहीतरीच काय!” राजाभाऊंची बायको सुचित्रा हसली. “मिटली वळ तुम्ही कुठे बघितलीत?”

गप्प बसलं तर लेक बांधली जाणार होती. बोललं तर आपण बांधणारीची मुलगी ठरणार, आणि उद्यापासून आपल्या हातचा डबा कोणी घेणार नाही, हे सगुणाला लख्ख दिसत होतं. सोनमने एक पाऊल उचललं.

“थांब!” सगुणा ओरडली. “माझी आई बांधणारी होती. मी तिच्या शेजारी पिठाची वाटी धरून बसायची.”

सुचित्राच्या हातातली सगुणानेच केलेली करंजी तोंडाशीच थांबली. दहा वर्षं त्याच हातची आमटी ओरपताना बाईसाहेबांना काही झालं नव्हतं. सगुणाला आधी लाज वाटली आणि मग असा राग आला की लाज कुठच्या कुठे पळाली.

“पीठ आणा,” ती म्हणाली. “आणि बाहेर चला. टाइल्सच्या फटींवर रेघ तुटते.”

व्हिलामागे मोकळा वाळूचा प्लॉट होता. जानेवारीतल्या कोवळ्या उन्हात सगळा पंथ भरजरी साड्या सावरत तिथे जमला. सगुणाने पदर खोचला, हाताने वाळू सारखी केली, छातीभर श्वास घेतला आणि पीठ सोडलं. वीस वर्षांत तिने एकही वळ काढली नव्हती, पण हात आईचा होता. नववा वळसा संपला तेव्हाही थोडा श्वास उरला होता. वीतभर दार मोकळं सोडून ती उठली.

सोनम मधे उभी राहिली. राजाभाऊंनी फोनवर यादी उघडली, “आजीचं नाव...”

“वेट, अंकल,” सोनम म्हणाली. “आई, व्हॉट वॉज हर रिअल नेम?”

“बायजा.”

घरात मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी ती पोर. तिने मान वर केली आणि शेजारच्या व्हिलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “बायजा बांधणारीची नात, सगुणाची लेक, सोनम!” आणि दारातून बाहेर पडली. सगुणाला रडू आलं, आणि ते तिने लपवलं नाही.

माणसं पांगली तशी सुचित्रा जवळ आली. तिने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. “वहिनी, तो गेल्या वर्षीचा स्टिकर आमच्या शार्दूलच्या खोलीत लावलाय. तेव्हापासून पोरगा सोफ्यावरून हलत नाहीये. उद्या दुपारी येऊन बघाल का? किचनच्या बाजूने या, म्हणजे कोणी...”

सगुणाने हातावरचं पीठ झटकलं.

“येईन की,” ती म्हणाली. “पुढच्या दाराने येईन.”