मागच्या गेटची अकरा मिनिटं

डिस्क अठ्ठ्याण्णव टक्के भरली होती आणि तात्याराव चष्मा नाकावर सरकवून तिच्यातला गाळ उपसत बसले होते. दिग्विजय मॅनेजरने सकाळीच दारातून डोकं घालून बजावलं होतं, की टाइम सर्व्हरच्या जुन्या लॉग फाइली चारच्या आत साफ झाल्या पाहिजेत. नाहीतर सर्व्हर बसेल आणि हडपसरच्या त्या काचेच्या इमारतीतली साडेचारशे घड्याळं उंडारायला लागतील.

या घड्याळांना धाक होता तो तात्यारावांचा. खडकीच्या फॅक्टरीचा भोंगा ऐकत ते वाढले. जन्मले तेही म्हणे भोंगा वाजत असताना. मनगटाकडे न बघता वेळ सांगायचे आणि ती सेकंदाला चुकायची नाही. एकदा सूर्यच दीड मिनिट उशिरा उगवला आणि तात्यारावांना बघून ओशाळला, असं शपथेवर सांगणारे लोक कॅन्टीनमध्ये आजही भेटतील.

इमारतीतलं प्रत्येक यंत्र थोड्या थोड्या वेळाने सर्व्हरला विचारायचं, किती वाजले? सर्व्हर सांगायचा, आणि कोणी कधी विचारलं, कोणाचं घड्याळ किती भरकटलं, हे सगळं लिहून ठेवायचा. चहाडखोरच तो. लिहून लिहून डिस्क फुगायची. पण न वाचता पुसायचं नाही, ही तात्यारावांची खोड.

मार्चच्या फाइलीवर त्यांचं बोट थांबलं. मागच्या गेटचं हजेरीचं यंत्र नऊ तारखेला शेवटचं बोललं होतं. पुढे तीन महिने एक अक्षर नाही. नऊ तारखेलाच त्यांनी सर्व्हरचा पत्ता बदलला होता. साऱ्या यंत्रांना नवा पत्ता कळवला आणि मागचं गेट विसरले. साहेबमंडळी पुढून येत. मागून यायच्या त्या झाडूपोछा करणाऱ्या बायका.

ते खाली जाऊन आले. रोज थोडं थोडं सरकत यंत्र अकरा मिनिटं पुढे गेलं होतं.

आणि चार वाजता त्या बायकांतल्या कांताबाईला रोज उशीर होतो म्हणून कामावरून काढायचं ठरणार होतं. बाकीच्या बायका शेजारच्या वस्तीतल्या, अर्धा तास आधीच येऊन गप्पा मारत बसायच्या. कांताबाई मांजरी गावाहून बसने यायची, आठच्या कामाला आठला पाच कमी असताना. यंत्र पाच मिनिटांहून पुढे सरकलं तेव्हापासून, म्हणजे दीड महिना, तिला रोज लेटमार्क. मागच्याच आठवड्यात तात्यारावांनी विचारलं तेव्हा फरशी पुसता पुसता ती म्हणाली होती, “माझं घड्याळ जत्रंतलं हाय. मशीनला तुमी येळ देता, म्हंजी मीच उशिरा येत आसंन.”

यंत्र गुपचूप जुळवायचं, फाइली पुसायच्या. पुसायचा तर हुकूमच होता. अकरा वर्षं सेकंद न चुकलेल्या माणसाचं नाव शाबूत राहिलं असतं.

तात्यारावांनी पाण्याचा तांब्या अर्धा रिकामा केला. मग मार्चच्या लॉगचं ते पान छापलं, नऊ तारखेखाली लाल रेघ ओढली आणि पावणेचारला ते दिग्विजयच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

त्याने ते दोनदा वाचलं. “तात्याराव, ही चूक कोणाची?”

“खाली सही केली आहे.”

“लॉग पुसायला सांगितले होते ना मी?”

“वाचून पुसतो. आता पुसतो.”

चारच्या आत डिस्क एकतीस टक्क्यांवर आली. कांताबाईचे लेटमार्क खोडले गेले. तात्यारावांना मेमो मिळाला, जन्मातला पहिला. तो त्यांनी चार घड्या घालून खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मागच्या गेटवर उभे होते. कांताबाई बसमधून उतरून धापा टाकत आली. तिला कोणी काय सांगितलं होतं कोण जाणे, पण तिने नेहमीसारखं विचारलं, “किती वाजलं, तात्यासाहेब?”

तात्यारावांनी आधी मनगटाकडे पाहिलं. मग यंत्राकडे पाहिलं. पुन्हा एकदा मनगटाकडे पाहिलं, आणि मगच सांगितलं.