गाडीच्या पुढे कुणी पळायचं नाही

मी एक ढकलगाडी. चाक एकच, पाय दोन, दांडे दोन आणि मधे पत्र्याचं खोलगट टोपलं. मला बघायला कुणी रस्त्यात थांबत नाही. तरी दर रविवारी सकाळी पळणाऱ्या माणसांच्या एका घोळक्यात सगळ्यांच्या पुढे मी असते. हा मान मला कसा मिळाला, ते सांगायचं आहे.

माझा जन्म एका वेल्डरच्या शेडमध्ये झाला. शेवटचा जोड थंड झाल्यावर त्याने मला उलटं केलं, चाक हाताने गरगर फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "चल, लाग कामाला." आशीर्वाद म्हणा, हुकूम म्हणा, मला तेवढाच मिळाला.

पहिली काही वर्षं बांधकामावर गेली. विटा, वाळू, ओलं सिमेंट. तिथे माणसांची एक सवय माझ्या लक्षात आली. भरलेल्या गाडीला सगळे वाट देतात, रिकामी दिसली की पायाने बाजूला सारतात. इमारत उभी राहिली, माणसं पुढच्या कामावर गेली आणि मी मात्र दुकानांच्या रांगेमागच्या मोकळ्या जागेत पालथी पडून राहिले. माझ्या अंगावर गवत चढलं. एका मांजरीने माझ्या पोटाखाली पिल्लं वाढवली. चाक गंजून असं जाम झालं की मी स्वतःला गाडी म्हणायचंच सोडून दिलं.

त्या दुकानांपैकी एक शिवणकामाचं होतं. ते चालवणारी बाई अंगाने भरलेली, पन्नाशीच्या पुढची. सगळे तिला मावशी म्हणत. डॉक्टरांनी दटावल्यामुळे ती पळणाऱ्यांच्या एका मंडळात जायला लागली होती. मंडळाची रीत वेगळी होती. नुसतं पळून घरी यायचं नाही. पळत कुणाच्या तरी दारी जायचं, तिथलं अडलेलं काम करायचं आणि पळतच परतायचं. कधी शाळेचं अंगण साफ कर, कधी एकट्या म्हातारीचं कपाट वरच्या मजल्यावर चढव.

मावशी कायम शेवटी पोचायची. एकदा लांबू तिला म्हणाला, "मावशी, तुम्ही येईपर्यंत आमचं काम उरकून हात धुवूनसुद्धा झाले." लांबू म्हणजे मंडळातला उंच वायरमन. तो गमतीने बोलला, पण तिला लागलं.

दुसऱ्या दिवशी तिने मला गवतातून ओढून काढलं. शिलाई मशीनचं तेल माझ्या चाकात थेंबथेंब सोडलं. कोटाच्या उरलेल्या जाड कापडाच्या बाह्या शिवून दांड्यांवर चढवल्या. पुढच्या रविवारी मंडळाची सगळी फावडी, झाडू, बादल्या माझ्यात भरल्या आणि म्हणाली, "आता पळा खुशाल. अवजारं माझ्याकडे आहेत. बघू माझ्याआधी कोण काम सुरू करतो."

लांबूने कान पकडले. मला तर ती बाई त्याच क्षणी आवडली.

मावशीचा थोरला भाऊ चढाच्या गल्लीत वरच्या टोकाला एकटा राहायचा. जन्मभर ट्रक चालवलेला माणूस. आजारपणात पाय गेले आणि चाकांच्या खुर्चीत बसला. घराच्या दाराला पायऱ्या, त्यामुळे रस्ता खिडकीतूनच दिसायचा. त्याच्या मुलाने त्याला वृद्धाश्रमात ठेवायचं ठरवलं होतं. मुलगा वाईट नव्हता, धास्तावलेला होता. मावशीने समजावलं तेव्हा तो म्हणाला, "आत्या, उद्या घरात काही झालं तर बाबा बाहेरसुद्धा येऊ शकणार नाहीत. ते एकट्याने रस्त्यावर येऊन परत घरात जाऊ शकले, तर मी हा विषय काढणार नाही."

इतरांसाठी गावभर मला ढकलणाऱ्या मावशीला स्वतःच्या भावासाठी तोंड उघडायला मात्र संकोच वाटत होता. शेवटी एका रविवारी काम संपल्यावर ती माझा दांडा धरून, माझ्याकडेच बघत म्हणाली, "दादाच्या पायऱ्यांच्या बाजूने एक उतार करायचा आहे. जमेल का?"

"हे विचारायला इतके महिने?" मंडळाचे म्होरके म्हणाले. ते निवृत्त खेळशिक्षक. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून त्यांचं नाव शिट्टीसर.

ट्रक अरुंद गल्लीत शिरेना, म्हणून मुरूम आणि खडी चढाच्या पायथ्याशी पडली. ती पाहून शिट्टीसरांच्या अंगात वारं शिरलं. "चढ आहे, ओझं आहे, याहून चांगला सराव कुठला? बघू कोण जास्त फेऱ्या मारतो." शिट्टी वाजली. माणसं खांद्यावर पोती घेऊन सुसाट सुटली. वर पोचायचं, पोतं उपडं करायचं, आकडा ओरडायचा, खाली धावायचं. मला आणि मावशीला गल्लीच्या कडेला उभं राहून सगळ्यांना वाट द्यावी लागत होती.

खिडकीतून दादा मावशीला म्हणाला, "छोटे, या सगळ्यांच्या मागे कुत्रं लागलंय का?"

दुपारपर्यंत ढीग दारापर्यंत पोचला. लांबू जिंकला आणि पोटरीत गोळा येऊन तिथेच आडवा झाला. तेवढ्यात दादाचा मुलगा आला. त्याने उतारावर एक पाय टाकला तो घोट्यापर्यंत आत गेला. मुरूम कुणी पसरलाच नव्हता, ठोकून बसवणं तर दूरच. सगळ्यांनी फेऱ्या मोजल्या होत्या, रस्ता कुणी केला नव्हता.

"यावरून बाबांची खुर्ची जाणार?" त्याने बूट झटकला. "पुढच्या रविवारी मी त्यांना न्यायला येतोय."

दुसऱ्या दिवशी उजाडताच मावशी मला घेऊन तिथे हजर. तिने सगळा भुसभुशीत ढीग उकरून बाजूला केला. मग एक गाडी भरायची, रिकामी करायची, फावड्याने सारखी करायची, पाणी मारायचं आणि जड लोखंडी धुम्मस उचलून उचलून ठोकायचं. जमीन दगडासारखी वाजली की मगच पुढची गाडी. दुकान उघडायची वेळ झाली की हातपाय धुवून ती निघायची. तिच्या तळहातांवरचे फोड कापडाच्या बाह्यांमधूनही मला कळत होते.

"छोटे, राहू दे आता," दादा म्हणायचा.

"तुला खिडकीत बसून बोलायला काय जातंय? पाणी दे."

तिसऱ्या सकाळी गल्लीच्या तोंडाशी शिट्टीसर उभे दिसले. किती वेळ बघत होते कोण जाणे. जवळ आले, गळ्यातली शिट्टी काढून त्यांनी खिशात घातली आणि धुम्मस उचललं. "मावशी, तुम्ही गाडी आणा. मी ठोकतो."

रविवारी सगळं मंडळ आलं. लांबू लंगडतच. शिट्टीसर म्हणाले, "आज एकच नियम. गाडीच्या पुढे कुणी पळायचं नाही." माझी खेप रिकामी व्हायची, थर बसायचा, मगच पुढचा माणूस हलायचा. माझ्या चाकाच्या तालावर तेवढी सगळी दमदार माणसं चालत होती. इतकं हळू आणि इतकं पक्कं काम मी बांधकामावरसुद्धा पाहिलं नव्हतं.

मुलगा मोटार घेऊन आला तेव्हा दादा दारात खुर्चीत तयार होता, दाढी करून. उतरताना तो म्हणाला, "माझा ब्रेक अजून शाबूत आहे," आणि सरळ रस्त्यावर आला. खरी परीक्षा वर जायची होती. अर्ध्या चढावर खुर्ची थांबली. हाताच्या शिरा तटतटल्या. मावशी पुढे झाली.

"कुणी हात लावायचा नाही," दादा म्हणाला.

चाक बोटभर मागे आलं. दादाने श्वास घेतला आणि जोर लावला. मग पुन्हा जोर, पुन्हा श्वास. खालच्या मुरमाचा एक कणही हलला नाही. खुर्ची उंबऱ्याच्या आत गेली.

मुलाने कोट काढून मोटारीत टाकला. "आत्या, खाली अजून खडी उरलीय ना? कडेला लावून टाकू. दे ती गाडी इकडे." त्याने माझे दांडे धरले. मऊ हात होते, पण पकड चांगली होती.

आता माझ्या टोपल्याला एका कोपऱ्यात भोक पडलंय आणि एक पाय वाकलाय. मंडळाचा नियम मात्र अजून तोच आहे. फरक एवढाच की सपाट रस्त्यावर आता दादाची खुर्ची माझ्या शेजारी असते आणि मी जरा मागे पडले की तो तोंडाने हॉर्न वाजवतो.

तुमच्या घरामागे, गवतात, माझ्यासारखी एखादी पालथी पडली असेल तर तिला सुलटी करा. चाकात चार थेंब तेल सोडा. ती किरकिरेल, तिकडे लक्ष देऊ नका. तिला फक्त कुठे जायचंय ते सांगा. मला आता निघायला हवं. मावशीने फावडी भरली आहेत.