नीलम्माचं पाणी

लातूर जिल्हा नवा झाला, त्यानंतरच्या दुष्काळातली गोष्ट. कचेऱ्यांवर पाट्या नव्याकोऱ्या आणि नळ कोरडे, असा थाट. माझा चुलतभाऊ धोंडप्पा विहिरींवरचे पंप दुरुस्त करायचा. विहिरीच आटल्या, तेव्हा घरी बसून बायकोची धाप ऐकण्यापलीकडे त्याला काम उरलं नाही.

नीलम्मावहिनीला चार पावलं चालवत नव्हती, पाय सुजायचे. आम्ही तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मूठ दाखवून समजावलं, हृदय म्हणजे एवढासा पंप, त्याला चार कप्पे. उजवी बाजू अंगभर फिरून आलेलं रक्त फुप्फुसांकडे पाठवते, डावी बाजू तिथून ताजं होऊन आलेलं रक्त सगळ्या अंगाला पुरवते. रक्त मागं फिरू नये म्हणून मध्ये झडपा. लहानपणीच्या सांधेतापानं वहिनीची डावीकडची झडप बिघडली होती; रक्त मागं येऊन छातीत तुंबत होतं. त्यांनी गोळ्या दिल्या, मीठ तोडायला आणि पाणी बेतानं प्यायला सांगितलं.

धोंडप्पाचा चेहरा उजळला. झडप म्हणजे त्याच्या घरचंच काम. वाटेत मलाच शिकवू लागला, की झडप गळली की पाइपातलं पाणी विहिरीत उतरतं, पंप कोरडा फिरतो, आणि वरून पाणी भरलं की पुन्हा उचलतो. मी डॉक्टरांच्या बोलण्याची आठवण करून दिली.

"त्ये समद्यालाच सांगायलेत, पानी जपून वापरा म्हून," तो म्हणाला. "दुष्काळ हाय न्हवं."

मग काय, सायकलला घागरी बांधून लांबच्या बोअरवरून पाणी आणायचं आणि तांब्यावर तांब्या तिला पाजायचं. स्वतः घोटभर प्यायचा. मी भांडलो, पण शहाण्याला सांगता येतं, कारागिराला नाही. सूज मांडीपर्यंत चढली, तरी म्हणे पाणी लागू पडतंय.

पुन्हा दवाखान्यात नेलं, तेव्हा वहिनीला आडवंही होता येत नव्हतं. छातीत पाणी भरलंय, डॉक्टर म्हणाले, किती पाजलंत? धोंडप्पा बोटांवर तांबे मोजू लागला. मला रडू आवरेना. तुम्ही तर ऐकलं होतं, मग प्यायलात कशाला, असं मी वहिनीला विचारलं.

तिनं दम गोळा केला. "ठावं व्हतं, भावजी. पर येवढ्या उन्हातनं आनत व्हते. न्हाई कसं म्हनू?"

धोंडप्पा उशाशीच उभा होता.

जाणाऱ्याच्या तोंडात घरच्या माणसानं पाणी घालायचं असतं. दुपारी कुणीतरी त्याच्या हातात वाटी दिली. वहिनी जाईपर्यंत तो ती तशीच धरून बसला.